मल्लीने झाकण कुणासमोर उघडलं?

आपल्या समाजाच्या परिचय मेळाव्याची पुस्तिका हातात घ्या आणि मुलींचं कुठलंही पान उघडा. नाव, गाव, शिक्षण, मामांचं आडनाव, आणि मग उंची, रंग, बांधा. रंगापुढे 'गोरा' नाहीतर 'गव्हाळ'. 'सावळा' लिहिण्याची हिंमत फार थोड्या आया करतात. बांध्यापुढे 'सडपातळ' नाहीतर 'मध्यम'. 'जाड' हा बांधा त्या पुस्तिकेत नाहीच. जणू आपल्या समाजात जाड मुली जन्मालाच येत नाहीत. आता मुलांची पानं बघा. तिथे व्यवसाय, उत्पन्न, घर स्वतःचं की भाड्याचं. बांध्याचा रकाना असलाच तर तो रिकामा असतो आणि त्याची उणीव कुणाला भासत नाही.

याच पुस्तिकेच्या पहिल्या पानावर आशीर्वचन असतं. त्यात शील, संस्कार, मर्यादा हे शब्द हमखास असतात. मला भांडायचं आहे ते या पहिल्या पानात आणि आतल्या पानात जी फारकत आहे तिच्याशी. पहिल्या पानावर आपण मुलीला सांगतो, अंग झाकून राहा. आतल्या पानावर आपणच तिचं अंग मांडून ठेवतो, इंचात आणि किलोत. अंगप्रदर्शन म्हणायचं तर आधी याला म्हणा.

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे: आपण ज्याला मर्यादा म्हणतो, ते बहुतेक वेळा माप असतं.

पटत नसेल तर आपल्या कुठल्याही लग्नात अर्धा तास बायकांच्या बाजूला बसा. एकीने मागचा गळा खोल शिवलाय, वर डोरी आणि लटकन. मुलगी शेलाट्या बांध्याची आहे. 'अगं किती गोड दिसतंय, कुठं शिवलंस?' दहा मिनिटांनी तसलाच ब्लाउज घातलेली दुसरी येते. ही अंगाने भरलेली आहे. 'काय बाई हे, जरा तरी शोभायला नको?' कापड दोघींचं तेवढंच उघडं होतं. मग आक्षेप उघडेपणाला नव्हताच, मागच्या वळीला होता. तिसरी अगदीच किडकिडीत, तिला 'हाडं दाखवायची हौस'. चौथी सावळी, तिला 'रंग बघून तरी घालावं'. पाचवी पन्नाशीची, तिला 'या वयात?' गळा एक, न्याय पाच. धर्माचा नियम माणसागणिक बदलत नाही. बदलतो तो बाजारातला भाव.

आपले शब्दच बघा ना. बारीक असेल तर चवळीची शेंग. आणखी थोडी बारीक असेल तर काडी, लुकडी, हवेने उडेल. जाड असेल तर आधी प्रेमाने 'खात्यापित्या घरची', मग 'सुटली', मग 'भोपळा'. बाळंतपणानंतर वर्षभर पोट उतरलं नाही की जाता-येता विचारणा, 'परत काही आहे का गं?' नवरा लग्नानंतर दहा किलोनं वाढला तर 'सुख लागलं जावयाला'. बायको वाढली तर 'स्वतःकडे लक्षच नाही'. हे शब्द पुरुष कमी आणि आपण बायका जास्त वापरतो, हे कडू आहे पण खरं आहे. सासूने सुनेला, जावेने जावेला, आणि सगळ्यात वाईट म्हणजे आईने लेकीला. दहावीतल्या मुलीच्या ताटातला तूप लावलेला फुलका आईच उचलून भावाच्या ताटात टाकते. त्या दिवशी तिला जे कळतं ते कुठल्याही पाठशाळेतून पुसून निघत नाही.

पुरुषांच्या अंगाला हा ताप नाही. आपल्याच मंदिरात सकाळी बघा. श्रावक धोतर-दुपट्ट्यात अभिषेकाला उभे असतात. पोटं सुटलेली, छाती-पाठ अर्धी उघडी. कुणाच्या मनात काही येत नाही. येऊही नये, ते पूजेला उभे आहेत. पण मग तसंच निवांतपण त्यांच्या शेजारी हात जोडून उभ्या असलेल्या बाईला का नाही? तिचा पदर खांद्यावरून इंचभर सरकला की चार नजरा तिकडे वळतात.

कुणी म्हणेल, बायका जास्त सुटतात म्हणून बोलणं होतं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 15 ते 49 वयाच्या 24 टक्के स्त्रिया जादा वजनाच्या आढळल्या, आणि पुरुष जवळजवळ 23 टक्के. एका टक्क्याचा फरक! या एका टक्क्यासाठी आपण एका बाजूला अख्खा रकाना छापतो आणि दुसरी बाजू कोरी सोडतो. आणि 'आम्ही आरोग्यासाठी बोलतो' म्हणणाऱ्यांनी त्याच सर्वेक्षणातला दुसरा आकडाही वाचावा. त्याच वयाच्या 57 टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे. शंभरातल्या सत्तावन्न! कधी कुण्या काकूंनी मुलीला विचारलंय का, 'हिमोग्लोबिन किती आहे गं तुझं?' विचारतात ते वजन, कारण वजन डोळ्यांना दिसतं. रक्त दिसत नाही.

हा दुजाभाव घराघरापुरता नाही. 1995 साली मधू सप्रे आणि मिलिंद सोमण या दोन मराठी मॉडेल्सनी बुटांच्या एका जाहिरातीसाठी बूट आणि अंगाभोवतीचा अजगर एवढ्यावर छायाचित्र दिलं. गहजब झाला, अश्लीलतेचा खटला झाला, अजगरामुळे वन्यजीव कायदाही लागला. चौदा वर्षांनी, 2009 साली सगळे निर्दोष सुटले. तोवर दोघांना निदान एकाच पारड्यात तरी तोललं गेलं होतं. पुढे 2020 च्या नोव्हेंबरात गोव्यात काय झालं ते आठवा. मिलिंद सोमणने पंचावन्नाव्या वाढदिवशी समुद्रकिनाऱ्यावर उघड्या अंगाने पळतानाचा फोटो टाकला. त्याच आठवड्यात पूनम पांडेच्या एका चित्रीकरणावरून तक्रार झाली. तिला अटक झाली, मग जामीन. त्याच्यावर गुन्हा नोंदला गेला, अटक नाही. तिचं चित्रीकरण धरणावरचं, त्याचा फोटो किनाऱ्यावरचा. जागा दोन्ही सार्वजनिकच. मला दोघांचंही कौतुक नाही. पण लोक काय बोलले ते मी विसरलेले नाही. तिच्याबद्दल बोलले, 'लाज सोडली.' त्याच्याबद्दल बोलले, 'पंचावन्नाव्या वर्षी काय तब्येत राखलीय!' एकाच आठवड्यात, एकाच गोव्यात, बाईचं अंग हा गुन्हा ठरला आणि पुरुषाचं अंग ही कमाई ठरली.

आता इथलं, आमच्या उटनूरचं सांगते. आठवडी बाजाराला आसपासच्या गुड्यांवरून, तांड्यांवरून बाया येतात. लंबाडा बायांची आरशांची कांचळी, हातभर बांगड्या. गोंड, कोलाम म्हाताऱ्या अजूनही कुठे कुठे चोळीशिवाय दिसतात, लुगड्याचाच पदर अंगाला घट्ट घेतलेला. त्या बाया डोक्यावर ओझं घेऊन चालतात, भाव करतात, हसतात; खांदा उघडा आहे म्हणून कुणी दचकत नाही, त्या तर नाहीतच. दचकतो आपण. दुकानाच्या गादीवरून आपल्यातलंच कुणीतरी हळूच म्हणतं, 'उघड्यावाघड्या फिरतात.' त्यांच्याच पैशांवर चाललेल्या दुकानात बसून! दिवाळीच्या सुमारास दंडारीच्या दिवसांत गुसाडी नाचणारे पुरुष येतात. डोक्यावर मोरपिसांचा भला मोठा टोप, उघड्या अंगाला राख. त्यांच्यासोबत आपलीच पोरं फोटो काढून घेतात. मर्लवाईच्या कनक राजूंना या नाचासाठी 2021 साली पद्मश्री मिळाली तेव्हा सगळ्या भागाला अभिमान वाटला, मलाही वाटला. पुरुषाचं उघडं अंग कला झालं, संस्कृती झालं. त्याच समाजातल्या म्हातारीचा उघडा खांदा मात्र आपल्या डोळ्यांना खुपला. खांद्याने काय केलं होतं? जे काही होतं ते डोळ्यात होतं.

खरं म्हणजे हे आपल्याला, जैनांना, कुणी शिकवायची गरज पडू नये. श्रवणबेळगोळला भगवान बाहुबलींची 57 फुटी मूर्ती हजार वर्षांहून जास्त काळ उघड्या आकाशाखाली उभी आहे. पायाशी मराठी ओळही कोरलेली आहे. इकडे कोल्हापूरजवळ कुंभोजच्या बाहुबलीला 28 फुटांची संगमरवरी मूर्ती आहे. आपण लेकरं कडेवर घेऊन जातो, मान वर करून बघतो, डोळे भरून येतात. अंगावर वेली चढल्या आहेत, धाग्याचं वस्त्र नाही, आणि बघणाऱ्या हजारोंपैकी कुणाच्या मनात विकार येत नाही. अन्य लोक आपल्याला विचारतात, तुमच्यात हे कसं चालतं? आपण ताठ मानेने उत्तर देतो: विकार अंगात नसतो, दृष्टीत असतो. छान उत्तर आहे. मग तेच उत्तर घरच्या सुनेच्या बाहीशी का येऊन थांबतं?

आणि आर्यिका माताजींना आठवा. एक पांढरी साडी, केशलोच केलेलं मस्तक, अनवाणी पाय. आपण वंदन करायला वाकतो तेव्हा माताजी सावळ्या आहेत की गोऱ्या, बारीक आहेत की स्थूल, हे आपल्या ध्यानातही राहत नाही. म्हणजे आपल्या डोळ्यांना हे येतं. बाईकडे तिचं अंग न मोजता बघणं आपल्याला जमतं. फक्त त्यासाठी आपण तिला आधी संसार सोडायला लावतो.

मंदिरांच्या दारांवर आता वेशाचे फलक लागू लागले आहेत. शिर्डीला 2020 च्या डिसेंबरात तसं आवाहन करणारे फलक लागले. तुळजापूरला 2023 च्या मे महिन्यात फलक लागला आणि टीका झाल्यावर त्याच दिवशी मागे घेतला गेला. पुढच्याच महिन्यात सिमल्याच्या आपल्या दिगंबर जैन मंदिराने तोकड्या कपड्यांना मनाई केली. 2025 च्या जानेवारीत मुंबईच्या सिद्धिविनायकाने केली. मंदिरात नीट कपडे घालून यावं, याला माझा विरोध नाही. मी स्वतः माझ्या लेकीला तेच सांगेन. माझा विरोध तुळजापूरच्या फलकावरच्या एका शब्दाला आहे: 'उत्तेजक'. कपडा तोकडा असतो, फाटका असतो, पातळ असतो. कपडा उत्तेजक कसा असेल? उत्तेजित कुणीतरी माणूस होतो. त्याचं नाव फलकावर नाही. चोर मोकळा आणि वाटसरूला दंड, असा हा न्याय. आणि हा फलक हातात घेऊन दारावर उभा राहणारा माणूस काय बघून ठरवणार? कपडा नाही, अंग. बारीक पोरगी त्याच कुर्त्यात आत जाईल आणि भरल्या अंगाचीला बाजूला घेतील.

आपल्या मुलींना अंगाची लाज शिकवायची असली की एक कथा हटकून सांगितली जाते, मल्लीची. मिथिलेची राजकन्या मल्ली, रूपवान. दिगंबर परंपरा मल्लिनाथांना पुरुष मानते, श्वेतांबर परंपरा स्त्री; तो वाद इथे बाजूला ठेवू. श्वेतांबरांच्या 'ज्ञाताधर्मकथा' या आगमात ती कथा आहे. सहा राजे तिच्या रूपाच्या लोभाने मिथिलेवर चालून आले. मल्लीने आधीच आपल्यासारखी हुबेहूब सोन्याची पोकळ प्रतिमा करवून घेतली होती. तिच्या डोक्यावर भोक, त्यावर झाकण. रोज आपल्या जेवणातला एक घास ती त्यात टाकत गेली. राजे आले, प्रतिमा बघून हरखले, तिलाच मल्ली समजले. मल्लीने झाकण काढलं. दुर्गंधी अशी सुटली की सहाही जणांनी नाकाला उपरणं लावलं. मग ती म्हणाली, सोन्याच्या पुतळीत घासभर अन्नाची ही गत, तर ज्या देहावर तुम्ही भाळलात त्यात काय असेल?

कथा सांगून झाली की मुलींना तात्पर्य दिलं जातं: बघा, देह असा घाण आहे, म्हणून नटू नका, दाखवू नका. बारा भावनांतली अशुचि भावना ती हीच. पण थांबा. मल्लीने झाकण कुणासमोर उघडलं? मिथिलेच्या मुलींना अंगणात गोळा करून? नाही. तिने उघडलं ते टक लावून बघणाऱ्या सहा राजांसमोर. धडा त्यांच्यासाठी होता. स्वतःचा चेहरा झाकून ती घरात बसली नाही, सख्यांना पदर नीट घ्यायला सांगत फिरली नाही. ज्यांच्या डोळ्यात रोग होता त्यांच्या नाकापर्यंत तिने औषध नेलं. आणि आपण? आपण औषध रोग्याला न देता वाटेवरच्या पोरीला पाजतो. अशुचि भावना ही स्वतःच्या देहाविषयी स्वतः करायची असते. दुसरीच्या देहाकडे बोट दाखवून नाक मुरडणं याला भावना म्हणत नाहीत, जुगुप्सा म्हणतात. ती तर कषायांची बहीण.

दुसरी कथा सुंदरीची, ऋषभदेवांच्या लेकीची. श्वेतांबर परंपरेत ती येते. तिला दीक्षा घ्यायची होती, पण भरत चक्रवर्ती तिच्या रूपामुळे परवानगी देईना. तो दिग्विजयाला गेला आणि ती साठ हजार वर्षं आयंबिल करत राहिली. परत आल्यावर तिचा वाळलेला देह पाहून तो वरमला आणि तिला मोकळी केली. सुंदरीने उपवास केले ते बघणाऱ्याच्या नजरेतून सुटण्यासाठी. आपल्या मुली आज उपवास करतात ते नजरेत भरण्यासाठी. लग्न ठरलेलं असतं, दशलक्षण जवळ आलेलं असतं, आणि 'तेवढंच चार किलो उतरेल' म्हणून दहा उपवास धरले जातात. पारण्याला बायका जमतात. सुखसाता विचारायची सोडून विचारतात, 'किती उतरलं?' 'छान बारीक झालीस!' अहो, तपाने निर्जरा व्हायची ती कर्मांची. आपण चरबीची मोजतो! ज्या मुलीने खरंच श्रद्धेने उपवास केले तिच्या तपाचाही आपण या एका वाक्याने बाजार करून टाकतो.

बाजाराचा विषय निघालाच आहे तर दुसऱ्या बाजूलाही सोडायचं कारण नाही. 'माझं अंग, माझी मर्जी' असं जाहिरातीतून ओरडणारे काही आपले सगेसोयरे नाहीत. फेअर अँड लव्हली 1975 साली बाजारात आली. 2020 साली नाव बदलून ग्लो अँड लव्हली झालं. पंचेचाळीस वर्षं आपल्या पोरींना रंगाची लाज विकून झाल्यावर एक शब्द बदलला. तेच कपड्यांचं. जाहिरातीतली मोकळी, बेधडक मुलगी नेहमी सपाट पोटाचीच का असते? म्हणजे मोकळेपणाही मापातच मिळतो, आणि आमच्या मापाचा बहुधा संपलेला असतो. टीव्हीवर 'सुंदरा मनामध्ये भरली'मधली लतिका आली, सिनेमात सई ताम्हणकर आणि प्रिया बापटचा 'वजनदार' आला, तेव्हा घराघरातल्या बायांना बरं वाटलं. पण बघा, जाड नायिकेची गोष्ट अजून तिच्या जाडपणाचीच असते. जाड बाई नुसती वकील, नुसती आई, नुसती प्रेयसी कधी होणार?

एका दारावर फलक म्हणतो झाक, दुसऱ्या दारावर जाहिरात म्हणते दाखव. दोघांच्या हातात टेप एकच.

'म्हणजे तुमचं म्हणणं पोरींनी काहीही घालून फिरावं?' हा प्रश्न मला नक्की येणार. नाही. प्रसंग बघून कपडे घालावेत, हे मी मुलालाही सांगते आणि मुलीलाही. मयतीला भडक जाऊ नये, मंदिरात चड्डीवर जाऊ नये. नियम करायचा असेल तर तो कपड्यावर करा, स्त्री-पुरुषांना सारखा करा, आणि बोलताना कपड्याबद्दल बोला. 'हा गळा मंदिरासाठी मोठा आहे' हे सांगणं झालं. 'तुझ्या अंगाला हे शोभत नाही' हे दुखावणं झालं. आणि मनाने, वाणीने दुखावणं हीसुद्धा हिंसा आहे, हे आपल्याला पाठशाळेच्या पहिल्या वर्गात शिकवलंय. मुंगीवर पाय पडू नये म्हणून आपण खाली बघून चालतो. पोरीच्या मनावर पाय देताना मात्र खाली बघत नाही.

शिंपी ब्लाउज शिवताना आत शिवणीला थोडी माया ठेवतो. उद्या बाईचं अंग भरलं तर उसवून सैल करता यावं म्हणून. अंग बदलणार हे त्याला माहीत असतं आणि त्याचा त्याला राग नसतो. आपण त्या शिंप्याइतकी तरी माया ठेवावी.

म्हणून पुढच्या महिला मंडळाच्या बैठकीत तीन गोष्टी मांडा. एक, परिचय पुस्तिकेतून रंग आणि बांधा हे रकाने काढून टाका. ज्यांना बघायचंय ते भेटून बघतील. दोन, पारण्याला तपस्विनीच्या वजनाबद्दल अवाक्षर काढायचं नाही, कौतुकानेसुद्धा. तीन, मंदिरात वेशाचा नियम करायचा असेल तर त्यात 'उत्तेजक' हा शब्द नको, आणि श्रावकांसाठीही तेवढ्याच ओळी हव्यात. अध्यक्ष म्हणतील, या फार किरकोळ गोष्टी आहेत. म्हणू द्या. किरकोळ असतील तर बदलायला वेळ लागणार नाही. आजच ठराव लिहून घ्या आणि खाली सगळ्यांच्या सह्या घ्या.